दहा वाजून दहा मिनिटं

१

"गुरुवार, बारा मे. सकाळी दहा वाजून दहा मिनिटं," मारिएल्बा केरालेसने पडद्यावरचं वाचून सांगितलं, आणि कचेरीतल्या दोन पुरुषांनी एकदमच ओमाइराबाईंकडे पाहिलं.

ओमाइरा मेलेंदेस या कारोरा गावातल्या संगीतशाळेच्या कारकून. एकोणीस वर्षं नोकरी झालेली, पेन्शनला एक वर्ष उरलेलं. त्यांनी हातातला रुमाल घडी करून टेबलावर ठेवला.

"तेव्हा इथं मीच होते," त्या म्हणाल्या. "दहापासून साडेदहापर्यंत. पण त्या फायलीला मी हात लावला नाही."

"मग फाईल आपणहून बदलली का?" संचालक माएस्त्रो ओरोपेसा म्हणाले.

भानगड अशी होती. जुलैत राज्याचा तरुण वाद्यवृंद युरोपच्या दौऱ्यावर निघणार होता आणि त्यात कारोराच्या वाट्याला हॉर्न हे पितळी फुंकवाद्य वाजवणाऱ्याची एकच जागा आली होती. बुधवारी पडद्याआडून परीक्षा झाली. दिओसेलिना कामाकारो या मुलीला वीसपैकी अठरा मिळाले, येर्सोनला सोळा. बाकीचे बरेच मागे. संध्याकाळी ओमाइराबाईंनी गुण संगणकात चढवले. शाळेत इंटरनेट नव्हतं, कारण चौकातली तांब्याची तार फेब्रुवारीतच चोरांनी कापून नेली होती. म्हणून गुरुवारी यादी पेनड्राइव्हवर घालून बसच्या ड्रायव्हरबरोबर राज्याच्या राजधानीत, बार्किसिमेतोला गेली. तिथे पोचलेल्या यादीत दिओसेलिनाला तेराच होते. सोळावाला येर्सोन पहिला आला होता. आणि आज, सोमवारी सकाळी, तिथल्या परीक्षकाचा माएस्त्रोंना फोन आला की मी त्या मुलीला अठरा दिले, हे तेरा कोणी केले?

येर्सोन हा ओमाइराबाईंच्या भावाचा मुलगा.

"शुक्रवारपर्यंत मला वर अहवाल पाठवायचा आहे," माएस्त्रो म्हणाले. "ओमाइराबाई, तोवर घरीच थांबा. तुम्ही स्वतः राजीनामा दिलात तर मी अहवालात फार लिहिणार नाही. नाही तर काढून टाकावं लागेल. पेन्शनचं काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे."

खिडकीपाशी उभे असलेले प्रोफे एवेलिओ, हॉर्नचे शिक्षक, बाहेर चौकाकडे पाहू लागले. ओमाइराबाईंनी माएस्त्रोंकडे पाहिलंच नाही. त्या मारिएल्बाकडे बघत होत्या.

"तुझी खात्री आहे ना, पोरी?"

मारिएल्बा भौतिकशास्त्राची पदवीधर होती. पडद्यावर जे आहे ते आहे, असं मानणारी.

"हो," ती म्हणाली.

२

घरी परतताना तिला चैन पडेना. कारण उघड होतं. पदवी घेऊन गावात परतल्यावर तिला पहिलं काम ओमाइराबाईंनीच दिलं होतं. शाळेचा संगणक, मग शेजारच्या दवाखान्याचा, मग चर्चचा, असं करत अख्ख्या गावाची यंत्रं तिच्याकडे आली, ती त्यांच्या शिफारशीवर.

पण नुसती माया असती तर तिने स्वतःला दामटून गप्प केलं असतं. तिला छळत होता तो वेगळाच प्रश्न. गुण टाइप केले ओमाइराबाईंनीच, बुधवारी संध्याकाळी, कचेरीत एकटं बसून. चोरी करायची होती तर तेव्हाच अठराच्या जागी तेरा घालता आले असते. एकदा खरं लिहायचं, रात्र जाऊ द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन खोटं करायचं, एवढा उपद्व्याप कोण करेल?

मंगळवारी ती त्यांच्या घरी गेली. दुपारची वीज गेलेली होती, बाई दारात खुर्ची टाकून युकाचे कंद सोलत बसल्या होत्या. मक्याचं पीठ मिळेनासं झाल्यापासून गावभर युकाचेच अरेपे, म्हणजे जाड भाकऱ्या, होत होते.

"चौकशीला आलीस?"

"गुरुवारचं सगळं एकदा सांगा ना मला."

"सोमवारी विचारायचं होतंस." सुरी चालूच राहिली. "माझ्या ओळखपत्राचा शेवटचा आकडा सात. सहा-सातवाल्यांचा खरेदीचा वार गुरुवार. दहाला कचेरीत आले, बुधवारच्या परीक्षेचे कागद लावून ठेवले. साडेदहाला किल्ली एवेलिओंकडे दिली आणि पिठाच्या रांगेला गेले. दंडावर पेनने नंबर घातला, दोनशे चौदा. तीन तास उन्हात उभी होते. दोनशे दहाला पीठ संपलं."

"मधे संगणक चालू केलात?"

"चालूच होता. मी शिवले नाही त्याला." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "असं मला वाटतं."

"वाटतं म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? मशीन म्हणतं मी होते. तू म्हणतेस मी होते. सगळ्यांना पाठ आहे, फक्त मलाच आठवत नाही."

३

माएस्त्रो ओरोपेसा तालीम सोडून बाहेर आले ते वैतागूनच.

"केरालेस, तुला मी संगणकासाठी बोलावतो. पोलीस म्हणून नाही."

"दोनच प्रश्न, माएस्त्रो. गुरुवारी तुम्ही कुठे होतात?"

"या दालनात. साडेनऊपासून पावणेअकरापर्यंत चाळीस व्हायोलिनवाले माझं डोकं खात होते. मग कचेरीत जाऊन यादी पेनड्राइव्हवर घेतली, कारण अकराला बस आणि अकरालाच वीज जायची होती. झालं?"

"उघडून पाहिली होती?"

"कशाला? ओमाइराबाईंनी केलेलं काम मी एकोणीस वर्षांत कधी तपासलं नाही." त्यांनी तोंड वाकडं केलं. "तेच चुकलं."

"तो पेनड्राइव्ह कुठे आहे?"

"आज बसवाल्याने परत आणला. घे. पण त्यातही तेराच आहेत, मी पाहिलं."

प्रोफे एवेलिओ तोरेआल्बा वरच्या मजल्यावर एका हॉर्नच्या कळा तेल घालून मोकळ्या करत बसले होते. मारिएल्बाही लहानपणी दोन वर्षं त्यांच्याकडे शिकली होती आणि सोडून गेली होती. त्याबद्दल त्यांनी तिला कधी बोल लावला नाही. त्यांनी बिनसाखरेची कॉफी पुढे केली.

"साखर नाही. पण तू आधीच गोड आहेस म्हणून चालेल."

"प्रोफे, गुरुवारी तुम्ही..."

"मला माहीत होतं तू येशील." ते हसले. "दहा ते साडेदहा इथंच, सहा पोरांबरोबर. त्यांना विचार, मी कोणाकोणावर ओरडलो ते त्यांना पाठ असेल. साडेदहाला ओमाइरा किल्ली देऊन गेली. मग खाली जाऊन कचेरीत बसलो, ओरोपेसा येईपर्यंत. शाळेत कोणी तरी नको का?"

"ओमाइराबाईंनी हे केलं असेल असं तुम्हाला वाटतं?"

एवेलिओंनी कळीवर फुंकर मारली. ती अजून अडकत होती.

"भाचा म्हणजे रक्ताचा माणूस. पोरगा या देशातून बाहेर पडावा असं कोणाला वाटणार नाही? मी तिला दोष देत नाही."

उत्तर सरळ होतं, खरं होतं. सहाही पोरांनी ते जसंच्या तसं सांगितलं. म्हणजे दहा वाजून दहा मिनिटांनी माएस्त्रो दालनात, एवेलिओ वरच्या मजल्यावर, आणि कचेरीत एकट्या ओमाइराबाई.

घरी येऊन मारिएल्बाने पेनड्राइव्ह स्वतःच्या लॅपटॉपला लावला. यादी तीच, गुण तेच. फाईल शेवटची केव्हा बदलली ते तिने पाहिलं, आणि चष्मा काढून पुसून पुन्हा पाहिलं.

दहा वाजून चाळीस मिनिटं.

४

तिने आधी सोपी शक्यता तपासली. कदाचित या दोन निरनिराळ्या फायली असतील. शाळेत जाऊन दोन्ही समोरासमोर ठेवल्या. अक्षर न् अक्षर सारखं. फाईल एकच, फक्त तिची वेळ दोन ठिकाणी दोन.

फरक तीस मिनिटांचा होता. एकोणतीस नाही, एकतीस नाही.

घड्याळ चुकलं असतं तर ते असं नेमकं चुकलं नसतं. सात मिनिटं, बावीस मिनिटं, असं काहीतरी निघालं असतं. एवढा गोल अर्धा तास कोणी ठरवून दिल्याशिवाय येत नाही. आणि हा अर्धा तास कोणी ठरवला ते या देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. विजेच्या टंचाईपायी सरकारने एक मेला सगळ्या देशाची घड्याळं अर्धा तास पुढे केली होती.

मारिएल्बाने खुर्ची मागे सरकवली. आदल्या दिवशी, तीस एप्रिलला, पेनड्राइव्हवर नव्या वेळेची दुरुस्ती घेऊन गावातल्या प्रत्येक कचेरीत कोण फिरलं होतं? तीच. या संगणकावरही ती दुरुस्ती तिनेच चढवली होती.

आणि काढली कोणी?

मेच्या दुसऱ्या आठवड्यात हा संगणक बिघडला. एका छपाईयंत्राचं सॉफ्टवेअर घातल्यापासून तो मधेच निळा पडायचा, आपोआप बंद होऊन चालू व्हायचा. शनिवारी, चौदा मेला, तिने त्याची सगळी व्यवस्था मागच्या तारखेला नेली. संगणक अधूनमधून स्वतःच्या मांडणीची नोंद करून ठेवतो. त्यातली एक तारीख निवडली की त्या दिवशी तो जसा होता तसा होतो. लिहिलेले कागद, फायली जागच्या जागी राहतात, फक्त मधल्या काळात घातलेली सॉफ्टवेअरं आणि बदललेल्या मांडण्या नाहीशा होतात. डिस्कवर जागा कमी असल्याने एकच नोंद शिल्लक होती. तारीख एकोणतीस एप्रिल. तिने बटण दाबलं, वीस मिनिटांत संगणक शहाण्यासारखा चालायला लागला आणि ओमाइराबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली.

छपाईयंत्राच्या सॉफ्टवेअरबरोबर नवी वेळही गेली होती.

तिने मांडणी उघडली. देशाची वेळ जुनीच लिहिलेली होती. पण मारिएल्बा अर्ध्या पुराव्यावर थांबणारी नव्हती. सहा मेची एक सूचना बाहेर फळ्यावर टाचलेली होती, तिच्या तळाशी यंत्रानेच छापलेली वेळ होती, नऊ वाजून पाच. त्याच सूचनेची फाईल तिने संगणकात काढून पाहिली.

आठ वाजून पस्तीस.

म्हणजे दिओसेलिनाचे अठराचे तेरा झाले ते दहा वाजून चाळीस मिनिटांनी. तेव्हा ओमाइराबाई रांगेत, दंडावर नंबर घालून उभ्या होत्या. आणि कचेरीची किल्ली ज्यांच्याकडे होती, त्यांनी ते कालच, कॉफी पाजून, आपल्या तोंडाने सांगितलं होतं.

५

एवेलिओंनी तिचं सगळं बोलणं मधे न तोडता ऐकलं. खालून माएस्त्रोंच्या तालमीचा आवाज येत होता.

"सहा," ते शेवटी म्हणाले. "आठ वर्षांत सहा जण मी बाहेरच्या दौऱ्यांवर पाठवले. एक सांतियागोत मोटारी धुतो, दोघं माद्रिदमध्ये आहेत. परत आले किती? एकही नाही. दिओसेलिना गेली तर त्या बाकावर कोण बसणार? येर्सोन? येर्सोनच्या हातात हॉर्न म्हणजे नळाची तोटी."

"म्हणून तोटी पाठवलीत."

"हो. तो गेला तर माझं काही जात नाही." ते ओशाळले नाहीत. "अकरा वर्षांची होती ती माझ्याकडे आली तेव्हा. ओठ फुटेपर्यंत वाजवायची. मी साठीला आलो, पोरी. मला एक तरी असा हवा होता की जो इथे राहील."

"तिला विचारलं होतंत?"

"विचारलं असतं तर गेली असती."

"आणि ओमाइराबाई?"

आता मात्र त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"तिच्या वाटेला जायचं माझ्या मनात नव्हतं. कोणाला कळणारच नाही असं वाटलं होतं. सोमवारी तू त्या पडद्यासमोर बसलीस तेव्हा मी खिडकीपाशी उभा होतो. म्हटलं, संपलं, आता ही पावणेअकराच्या आसपासची वेळ सांगणार. मी बोलायला तोंडही उघडलं होतं, केरालेस. आणि तू म्हणालीस, दहा वाजून दहा."

"तुम्हाला तर माहीत होतं की ते खोटं आहे."

"मला माहीत होतं. तुला नव्हतं. पण बघ, तुला मी एक शब्दही खोटा सांगितलेला नाही. खोटं सांगितलं असेल तर ते तू."

६

गुरुवारी सकाळी मारिएल्बाने माएस्त्रोंपुढे दोन्ही वेळा, फळ्यावरची सूचना आणि एक कागद ठेवला.

"संगणक आपल्या गावची वेळ साठवत नाही," ती म्हणाली. "तो जगाची वेळ साठवतो आणि दाखवताना त्यातून आपला फरक वजा करतो. एप्रिलपर्यंत साडेचार तास, मेपासून चार. मी त्याला एप्रिलमध्ये नेऊन ठेवलं. म्हणून तो मेमधल्या फायलींतूनही साडेचारच वजा करत राहिला. पेनड्राइव्ह भोळा असतो. लिहिताना जी वेळ दिसली ती तशीच ठेवतो."

"पण कोपऱ्यातलं घड्याळ तर बरोबर होतं."

"ते आतल्या बॅटरीवर चालतं, मांडणीवर नाही. इंटरनेट असतं तर तेही अर्धा तास मागे सरकलं असतं आणि शनिवारीच चूक उघडी पडली असती."

माएस्त्रो शहाणे होते, त्यांना पटलं. मग तिने किल्लीचं सांगितलं, एवेलिओंचं सांगितलं. ते ऐकून माएस्त्रोंनी समोरचा कागद घडी करून खणात ठेवला.

"ओमाइराबाई उद्यापासून कामावर येतील," ते म्हणाले. "त्यांची पेन्शन शाबूत."

"आणि दिओसेलिना?"

"नावं मंगळवारी बंद झाली. तिकिटावर येर्सोन आहे. मी काल संध्याकाळी अर्धा तास फोनवर भांडलो."

"आणि प्रोफे?"

"त्यांचं काय करू? तूच सांग. कारोरापासून बार्किसिमेतोपर्यंत हॉर्न शिकवणारा दुसरा माणूस दाखव, आत्ता काढतो त्यांना. अकरा पोरं आहेत त्यांच्याकडे. दिओसेलिनाही आहे."

"तिला कळलं तर?"

"कळल्यावर ती कोणाकडे शिकेल?"

दुपारी फळ्यावर सूचना लागली. संगणकाच्या दुरुस्तीत झालेल्या चुकीमुळे गुणांच्या यादीबाबत गैरसमज निर्माण झाला, त्याबद्दल श्रीमती मेलेंदेस यांच्याकडे शाळा दिलगिरी व्यक्त करत आहे. मारिएल्बा कागद फळ्यावरून काढून तसाच माएस्त्रोंच्या टेबलावर घेऊन आली.

"यात प्रोफेंचं नावच नाही."

"दुरुस्तीत चूक झाली का नाही?"

"झाली."

"मग यात खोटं काय आहे?"

माएस्त्रोंनी टाचणी शोधून तिच्या हातात दिली.

७

शुक्रवारी ती संगणकाची वेळ दुरुस्त करायला आली. ओमाइराबाई आपल्या जागेवर होत्या. केस नीट बांधलेले, टेबल पुसलेलं. त्यांनी खुर्ची बाजूला सरकवून जागा करून दिली. मारिएल्बाने नवी वेळ चढवली, संगणक बंद करून चालू केला, फाईल उघडून पाहिली. दहा वाजून चाळीस. पाच मिनिटांचं काम होतं.

वरून कोणीतरी हॉर्नवर एकच स्वर पुन्हा पुन्हा घोटत होतं. स्वर स्वच्छ होता, भरलेला. येर्सोनचा नक्कीच नव्हता.

"सूचनेत खरं काय ते लिहिलेलं नाही," मारिएल्बा म्हणाली. "पण तुम्हाला सांगायला पाहिजे. फाईल एवेलिओंनी..."

"माहीत आहे मला. किल्ली मीच दिली होती त्याच्या हातात."

"मग सोमवारी बोलला का नाहीत?"

"बोलणार होते. माझ्यानंतर तोच होता इथं, हे मला पहिल्या क्षणाला सुचलं होतं." ओमाइराबाई खालच्या आवाजात, कोणाला हिशेब समजावून द्यावा तशा बोलत होत्या. "पण तू वेळ सांगितलीस. म्हटलं, ही शिकलेली मुलगी, हिला मी लहानपणापासून ओळखते, ही चुकीचं सांगणार नाही. म्हणजे मग तो नसेल. म्हणजे मीच. तीन दिवस मी रांगेत, स्वयंपाकघरात, चर्चमधल्या प्रार्थनेला उभी असताना आठवत होते की माझा हात त्या बटणांवर कधी गेला. बुधवारी तर मला दिसायलाही लागला होता गं, माझाच हात."

"माझं चुकलं."

"हो."

एवेलिओ जिन्यावरून खाली आले. त्यांनी दारातून दोघींकडे मान लववली आणि वरच्या खोलीची किल्ली खिळ्याला टांगली. "जेवून येतो, ओमाइरा," ते म्हणाले.

"या," ओमाइराबाई म्हणाल्या. एकोणीस वर्षं म्हणत आल्या होत्या तसंच.

ते गेल्यावर त्यांनी खणातून एक कोरी वही काढली. नवा नियम निघाला होता. संगणकाला कोणीही हात लावला की नाव, काम आणि वेळ लिहायची. मारिएल्बाचं नाव त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, काम लिहिलं आणि पेन रोखून थांबल्या. घड्याळ त्यांच्या समोरच्याच भिंतीवर होतं. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"किती वाजले लिहू?" त्यांनी विचारलं. "तू सांगशील ते लिहिते."